गप्प केलेले दुखणे

दसरा-दिवाळी आटोपली की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील वाशी, भूम, कळंब, परंडा या तालुक्यांतल्या कितीतरी वाड्या-वस्त्या ओस वाटू लागतात. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरतात. ज्वारीचे पीठ, भांडीकुंडी, पांघरुणे, कोयते, एखादी शेळी आणि तान्ही लेकरे. या सामानात अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटेही असतात. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे, दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढायचे आणि गाडी लागली की रात्री-अपरात्रीही उठायचे. कंबर धरते, खांदे भरून येतात. गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी उभे राहता येते. म्हणून ती घेतली जाते.

पण ही गोळी काही फक्त फडात घेतली जात नाही. सोयाबीन काढणीत आखडलेली पाठ, आजीचे धरलेले गुडघे, कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्यांच्या पायांतले गोळे, खड्ड्यांच्या रस्त्यावर रोज मोटारसायकल चालवणाऱ्याची मान, या सर्वांवर आपल्याकडे एकच उपाय ठरलेला आहे. मेडिकलमध्ये जायचे आणि 'अंगदुखीची द्या' म्हणायचे. नाव विचारायचे नाही, किती दिवस घ्यायची ते विचारायचे नाही. दुकानदारही विचारत नाही.

वाचकहो, आज आम्ही या गोळीविषयी लिहीत आहोत, ते केवळ आरोग्याची माहिती द्यावी म्हणून नव्हे. या लहानशा गोळीमागे एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. दुखणाऱ्याचे दुखणे थांबवणे हे चांगले काम आहे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. पण दुखणे थांबवल्यावर आपली जबाबदारी संपते काय? ज्याला आपण आराम दिला, त्याच्या शरीरात पुढे काय घडते, याची विचारपूस करणे हेही त्या चांगल्या कामातच मोडते की नाही?

प्रश्न नीट कळण्यासाठी आधी गोळी काय करते ते समजून घेऊ. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, नायमेसुलाइड, केटोरोलॅक आणि जुनी अॅस्पिरिन ही सारी एकाच घराण्यातली औषधे आहेत. शरीरात कोठे इजा झाली वा सूज आली की तेथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि त्यांच्यामुळे ठणका लागतो. ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, म्हणून दुखणे आणि सूज उतरते. इंग्लंडमधील संशोधक जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ही गोष्ट उलगडून दाखवली आणि १९८२ साली त्यांना इतर दोघा शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

अडचण अशी, की हीच प्रोस्टाग्लँडिन द्रव्ये पोटाची राखणही करतात. जठरातील आम्ल इतके तीव्र असते की ते खुद्द जठरालाही खाऊ शकेल. त्यापासून बचाव करणारा बुळबुळीत थर आणि आतील अस्तराला होणारा रक्ताचा पुरवठा ही द्रव्येच टिकवून धरतात. गोळीला गुडघ्यातले प्रोस्टाग्लँडिन कोणते आणि पोटातले कोणते, हा फरक कळत नाही. ती दोन्हीकडे सारखीच आडवी येते. पोटाचे अस्तर उघडे पडते, चरे पडतात, व्रण होतो आणि व्रणाखाली रक्तवाहिनी असेल तर रक्त वाहू लागते. शिवाय ही औषधे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटचे कामही मंदावतात. अॅस्पिरिनचा तो परिणाम तर प्लेटलेट जिवंत असेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, टिकतो. एकीकडे जखम करायची आणि दुसरीकडे जखम बुजवणाऱ्याचे हात बांधायचे, असा हा दुहेरी प्रकार आहे. लंडनच्या डॉक्टरांनी १९३८ सालीच दुर्बिणीतून अॅस्पिरिन घेतलेल्यांचे जठर पाहून तेथील इजेची नोंद केली होती. म्हणजे हे ज्ञान नवे नाही. ते आपल्या गावच्या पारापर्यंत पोहोचलेले नाही, एवढेच.

सर्वांत कठीण गोष्ट पुढेच आहे. पोटात व्रण झाला तर पोट दुखायला हवे, असे आपण म्हणू. पण पोटात गेलेली गोळी दुखणे थांबवणारीच असते. त्यामुळे अनेकांना आधी काहीच जाणवत नाही. थोडी जळजळ झालीच तर 'पित्त झालं' म्हणून सोडून देतात. रक्त थेंबथेंब जात राहते, माणूस फिका पडतो, दम लागतो, 'अशक्तपणा आलाय' म्हणून सलाइन लावून घेतो. आणि एके दिवशी भोवळ येऊन पडतो, तेव्हा दवाखान्यात कळते की अंगात रक्तच उरलेले नाही. ज्या दुखण्याने धोक्याची हाक दिली असती, त्याचेच तोंड आपण दाबून ठेवलेले असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप सोसलेल्या आपल्या जिल्ह्याला भिंतीच्या तड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तडा गेलेल्या भिंतीवर गिलावा केला तर भिंत चांगली दिसते, पण ती पडायची थांबत नाही. गोळीने गप्प केलेल्या दुखण्याचेही तसेच आहे.

येथे काही गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. पहिला गैरसमज असा, की 'सुई घेतली तर पोटाला त्रास नाही.' हे खरे नाही. औषध दंडातून गेले तरी रक्तावाटे ते पोटाच्या अस्तरापर्यंत पोहोचतेच. दुसरा, 'जेवून घेतली की काही होत नाही.' जेवणाने मळमळ कमी होईल, पण व्रणाचा धोका टळत नाही. तिसरा, 'सोबत पित्ताची गोळी घेतली की झाले.' ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनी जठराचा धोका बराच कमी होतो, हे खरे. पण तो नाहीसा होत नाही, आणि खालच्या आतड्यांना त्यांचे संरक्षण मिळत नाही. चौथा, 'एकीने भागले नाही तर दुसरी घ्यावी.' पाकिटांवरची नावे वेगळी असली तरी आतले औषध पुष्कळदा एकच असते किंवा एकाच घराण्यातले असते. दोन घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो.

धोका कोणाला अधिक? पासष्टी ओलांडलेल्यांना, पूर्वी व्रण झालेला असेल त्यांना, हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांना, दमा, संधिवात वा अन्य कारणाने स्टेरॉइड घेणाऱ्यांना, दारू पिणाऱ्यांना. उन्हात पाणी न पिता राबणाऱ्यांच्या मूत्रपिंडालाही या गोळ्या अपाय करू शकतात. डेंग्यूच्या तापात तर अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांना हातच लावू नये, कारण त्या आजारात प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात. पावसाळ्यात ताप आला आणि तो कशाचा हे ठाऊक नसले तर पॅरासिटामॉलच द्यावे, आणि तेही सांगितलेल्या मात्रेत, कारण जास्त झाले तर ते यकृताला घातक ठरते.

खुणाही लक्षात ठेवाव्यात. शौचाला डांबरासारखे काळे, चिकट, उग्र वासाचे होणे. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडणे. उभे राहताच घेरी येणे, घाम फुटणे. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळे होते, म्हणून फसगत होते. शंका आली तर दुखण्याची पुढची गोळी न घेता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे. मात्र हृदयरोगासाठी डॉक्टरांनी अॅस्पिरिन दिलेली असेल, तर ती हा लेख वाचून आपल्या मनाने बंद करू नये. ती सोडण्याचा धोका तेवढाच मोठा असू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एवढे सारे असेल तर दुखणे सोसावे काय? आपल्यातील काही वडीलधाऱ्यांना वाटते, की सोसण्यातच पुण्य आहे आणि गोळी घेणे हा मनाचा दुबळेपणा आहे. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. १९५६ साली रोममध्ये भरलेल्या इटलीच्या भूलतज्ज्ञांच्या परिषदेने वेदनाशामक औषधांसंबंधी काही प्रश्न उपस्थित केले होते. पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांना उत्तर दिले. औषधाने वेदना कमी करणे नीतीला धरून आहे, असे त्यांनी सांगितले. मरणासन्न रोग्याच्या असह्य वेदना कमी करताना आयुष्य थोडे घटण्याचा संभव असला, तरी दुसरा मार्ग नसेल आणि मरण आणण्याचा हेतू नसेल तर तेही अनुज्ञेय मानले. म्हणजे दुखणे थांबवण्यात पाप नाही, हे स्पष्ट आहे.

पण त्या उत्तरातील अटींकडे आपले दुर्लक्ष होते. अपाय करण्याचा हेतू नसावा, ही एक अट. दुसरा मार्ग उरलेला नसावा, ही दुसरी. आपण पहिल्या अटीवरच समाधान मानतो. 'आमचा हेतू चांगला होता' एवढे म्हटले की आपले मन स्वच्छ होते. दुसऱ्या अटीचे काय? गुडघ्यासाठी आधी चोळण्याचे मलम चालले असते, त्याचा पोटाला धोका पुष्कळ कमी. कंबरेसाठी चार दिवसांची विश्रांती, शेक, पॅरासिटामॉल चालले असते. हे मार्ग आपण तपासले काय? आणि जे मरणाच्या दारी असलेल्या रोग्याच्या बाबतीत मान्य होते, तेच पस्तिशीतल्या बाईच्या बाबतीत, केवळ उद्याची हजेरी चुकू नये म्हणून, कसे मान्य करता येईल? पत्करलेला धोका आणि त्यातून मिळणारे भले यांचा काही मेळ असायला हवा.

चांगला हेतू पुरेसा नसतो, याची साक्ष आपल्या आकाशानेच दिली आहे. एकेकाळी मेलेल्या जनावरावर घिरट्या घालणारी गिधाडे आज आपल्या मुलांना चित्रातच दाखवावी लागतात. लंगडणाऱ्या बैलाला, सुजलेल्या कासेच्या गाईला आराम पडावा म्हणून डायक्लोफिनॅकची सुई दिली जाई. असे जनावर मेले की त्याचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००४ साली संशोधकांनी हे कारण शोधून काढले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केले. बैलाला सुई देणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात दयाच होती. पण परिणाम त्याच्या नजरेबाहेर घडत होता, आणि नजरेबाहेर घडते ते घडतच नाही असे आपण सहज धरून चालतो.

पोटाला त्रास न देणारी गोळी काढण्याचाही प्रयत्न झाला. रोफेकॉक्सिब नावाचे औषध १९९९ मध्ये मोठ्या आशेने बाजारात आले. पोटातील रक्तस्राव त्याने खरोखरच कमी झाला, पण हृदयविकाराचे झटके वाढत असल्याचे दिसून आले. सप्टेंबर २००४ मध्ये ते जगभरातून मागे घेण्यात आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भारतातही त्यावर बंदी आली. शरीर हे एकसंध आहे. एका कोपऱ्यात दिलेला आराम दुसऱ्या कोपऱ्यातून वसूल होऊ शकतो, हे विसरून चालत नाही.

मग जबाबदारी कोणाची? औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आणि त्याची नियमावली १९४५ सालची. तिच्या 'एच' परिशिष्टातील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. डायक्लोफिनॅक त्यात आहे. दुकानदार म्हणतो, 'मी नाही दिली तर शेजारच्या दुकानातून घेईल.' डॉक्टर म्हणतात, 'सुई दिल्याशिवाय पेशंटचे समाधानच होत नाही.' रोगी म्हणतो, 'काम बुडालं तर खायचं काय?' प्रत्येकाचे म्हणणे थोडे थोडे खरे आहे. परंतु सगळ्यांची थोडी थोडी जबाबदारी मिळून ती कोणाचीच उरत नाही. आम्हांला वाटते, की ज्याला अधिक कळते आणि ज्याच्या हातात अधिक आहे, त्याच्यावर अधिक भार आहे. दुकानदाराला गोळीचे नाव वाचता येते, गिऱ्हाइकाला येत नाही. ते वाचता येणे हेच त्याचे कर्तव्य ठरवते. 'त्याने मागितले, मी दिले' हे उत्तर किराणा दुकानात चालेल, औषधाच्या दुकानात नाही.

आणि जी बाई फडात गोळी घेऊन उभी राहते, तिला दोष द्यायचा काय? मुळीच नाही. उचल घेतलेली आहे, ती फेडायची आहे, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. आपल्या देहाची झीज करून ती लेकरांचे पोट भरते आहे. आईने लेकरांसाठी झिजावे यात थोरवी आहे, हे खरे. पण ही झीज तिने निवडलेली आहे की तिच्यावर लादलेली आहे? स्वतःहून केला तो त्याग. दुसरा रस्ता बंद करून करवून घेतला तर त्याला त्याग म्हणण्याचा अधिकार, त्याचा लाभ घेणाऱ्यांना नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि पाहणीत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. तेथे अवयव काढला गेला, येथे गोळी दिली जाते. दोन्हींत साम्य एकच : कामाला आडवे येणारे दुखणे काम न थांबवता गप्प करायचे. रोग कामाच्या पद्धतीत आणि औषध मात्र बाईच्या पोटात! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे, ती येथे शब्दशः लागू पडते.

आपण खातो त्या साखरेच्या प्रत्येक चमच्यामागे कोणाची तरी कंबर आहे. म्हणून हा प्रश्न फक्त फडातला नाही, तो आपल्या चहाच्या कपातलाही आहे.

यावर कोणी म्हणेल, की दवाखाना दूर, खिशात पैसे नाहीत, एसटीची वेळ निघून गेलेली. अशा वेळी गोळी नाकारणे म्हणजे गरिबाला तळमळत ठेवणे नव्हे काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. देशातील मागे पडलेल्या जिल्ह्यांकडे विशेष लक्ष देण्यासाठी २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातील चारांपैकी एक आपला, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा होता. दवाखान्याची अडचण आम्हांला ठाऊक आहे. म्हणून गोळी कोणाला देऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच, की विचारल्यावाचून देऊ नये. तीन प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत आणि वेळही लागत नाही. यापूर्वी पोटात व्रण, रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली होती का? दुसरी कोणती गोळी चालू आहे, विशेषतः हृदयाची वा स्टेरॉइडची? आणि ही गोळी किती दिवस घेताय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'रोजच' असे आले, तर ते गोळीचे काम राहिले नाही. तेथे डॉक्टरांकडे घेऊन जाणे हीच मदत.

आपण घराघरांत हे करू शकतो. पुण्या-मुंबईहून आई-वडिलांसाठी गोळ्यांची पाकिटे पाठवणाऱ्या मुलांनी, ती कशी संपतात याची चौकशी करावी. पाकीट लवकर संपत असेल तर आनंद मानू नये, काळजी करावी. शेजारणीला आपली उरलेली गोळी देण्याआधी तिचे दुखणे ऐकून घ्यावे. कोणी गाडीला निघत असेल तर काळ्या शौचाची खूण त्याला सांगून ठेवावी. ज्यांच्याकडे मजूर आहेत, त्यांनी दुखणाऱ्याला गोळी देऊन कामावर उभे करण्याऐवजी एक दिवसाची रजा मजुरीसह देऊन पाहावी. ती गोळीपेक्षा महाग पडेल, हे आम्ही नाकारत नाही. पण स्वस्त गोळीची उरलेली किंमत आजवर कोणी तरी दुसराच आपल्या रक्ताने भरत आला आहे.

दुखणे हे शरीराचे बोलणे आहे. ते असह्य झाले तर त्याला शांत करणे ही दया. पण ते काय सांगत होते हे ऐकून न घेता त्याला गप्प करणे, ही दया अर्धीच. 'कुठं दुखतंय?' हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. त्यापुढचा 'कशानं दुखतंय?' हा प्रश्न विचारायला थोडे थांबावे लागते, आणि त्याचे उत्तर कधी कधी आपल्याच दाराशी येते. म्हणूनच बहुधा आपण तो टाळतो. बंधुभगिनींनो, तो टाळू नये, एवढीच आमची विनंती.